पायाच्या बायपाससाठी नळी कोणती निवडायची?

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मी सोनोग्राफीचं मशीन घेऊन पेशंटच्या खाटेशी बसते. एसी बंद, पाय खाटेवरून खाली सोडलेले. थंडीत आणि आडवं झाल्यावर शीर आकसते आणि चांगली असूनही बारीक दिसते. जांघेपासून घोट्यापर्यंत आतल्या बाजूने एक लांब शीर जाते. पायाची धमनी तुंबली की तिला वळसा देणारी नळी म्हणून, म्हणजे बायपाससाठी, हीच शीर वापरता येते. ती मी इंच-इंच मोजते आणि मार्करने कातडीवर तिची वाट काढते. निम्मं ऑपरेशन तिथेच ठरतं.

साडेतीन मिलिमीटर किंवा त्याहून मोठी असेल तर मी निश्चिंत असते. तीनलाही काम होतं. अडीचच्या खाली गेली की मी तिच्यावर पाय सोपवत नाही. शिवाय ती मऊ हवी, प्रोबने दाबल्यावर पूर्ण मिटायला हवी. मिटत नसेल तर आत जुनी गुठळी आहे असं समजायचं.

इतक्यात मुलगा बाहेर बोलावून हळूच म्हणतो, "मॅडम, इम्पोर्टेड नळी टाका, पैशाचं आम्ही बघतो." त्याची कळकळ मला समजते. पण वडिलांच्या स्वतःच्या शिरेच्या तोडीची नळी अजून कुठल्याच कंपनीला जमलेली नाही. १९४८ साली पॅरिसमध्ये झाँ कुनलँ यांनी पायातलीच शीर उलटी करून धमनीला जोडली. शिरेतल्या झडपा रक्त वरच्या दिशेनेच सोडतात, म्हणून ती उलटी लावायची किंवा झडपा आतून कापायच्या. आजही पहिली पसंती तिलाच.

१९८६ साली अमेरिकेतली एक चाचणी प्रसिद्ध झाली. गुडघ्याखाली, पोटरीतल्या बारीक धमन्यांपर्यंत नेलेल्या बायपासमध्ये चार वर्षांनी स्वतःची शीर ४९ टक्के जणांत चालू होती, पीटीएफईची (टेफ्लॉन प्लास्टिकची) कृत्रिम नळी १२ टक्के जणांत. हा फरक पैशाने भरून निघत नाही.

म्हणून मी आधी बघते, की नळीचं खालचं टोक कुठे जोडायचंय. अडथळा पोटात असेल आणि बायपास महाधमनीपासून जांघेपर्यंतच न्यायचा असेल, तर डॅक्रॉनची (पॉलिस्टरच्या कापडाची) जाड नळी उत्तम. तिथे रक्ताचा लोंढा मोठा असतो, ती वर्षानुवर्षं टिकते. गुडघ्याच्या वर थांबायचं असेल तर सहा किंवा आठ मिलिमीटरची पीटीएफई चालते. काही सर्जन तिथे कृत्रिम नळी वापरून शीर पुढच्या ऑपरेशनसाठी राखून ठेवतात. मला ते पटत नाही. कृत्रिम नळी गोठते तेव्हा पुष्कळदा खालच्या धमन्याही गोठवते, आणि पाय आधीपेक्षा वाईट अवस्थेत परत येतो. चांगली शीर असेल तर मी ती पहिल्याच वेळी वापरते. गुडघ्याच्या खाली तर शीरच.

आणि पायात शीर नसेल तर? एका पायातली हृदयाच्या बायपासला गेलेली असते, कधी व्हेरिकोज व्हेन्ससाठी लेझरने बंद केलेली असते. मग दुसरा पाय, पोटरीच्या मागची छोटी शीर, आणि दोन्ही हात. उसाच्या पट्ट्यातले एक ६३ वर्षांचे काका आले होते, पायाचा अंगठा काळा पडलेला. डाव्या पायातली शीर हृदयाला गेली होती, उजवीकडची फक्त मांडीत जाड, खाली दोरा. डाव्या हाताच्या शिरेवर माझी भिस्त होती. पण आधीच्या रुग्णालयात त्याच हाताला कोपराजवळ चार दिवस सलाईन लावलं होतं, आणि शीर दोरीसारखी कडक झाली होती. मला फार वाईट वाटलं. शेवटी उजव्या दंडातला तुकडा आणि मांडीतला तुकडा जोडून नळी केली. तेव्हापासून माझ्या पेशंटच्या दोन्ही हातांवर मी स्वतः लिहिते: 'सुई फक्त पंजाच्या मागे.' पायाचा त्रास सुरू झालेल्या माणसाच्या नातेवाइकांनी हे पहिल्या दिवसापासून सांगायला हवं.

कुठेच शीर मिळाली नाही, तर गुडघ्याखाली हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) लावलेली पीटीएफई घ्यावी लागते. तेव्हा खालच्या जोडाशी शिरेच्या छोट्या तुकड्याची गळपट्टी शिवायची, त्याने फायदा होतो. पण जांघेत किंवा पायाच्या जखमेत पू असेल तर कृत्रिम नळी शक्यतो टाळायची. तिला जंतू चिकटले की बहुतेकदा ती काढावीच लागते.

शीर लावली म्हणून काळजी संपत नाही. पहिल्या वर्षभरात ती आतून जाड होऊन अरुंद होऊ शकते, आणि बंद पडण्याआधी ते डॉपलरवर (रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) दिसतं. पहिली तपासणी महिना-दीड महिन्यात, मग तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या महिन्यात. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. तंबाखू, बिडी, मिश्री कायमची बंद. मावश्या मिश्रीला तंबाखू मानत नाहीत, म्हणून मी ती नाव घेऊन विचारते.

नळी कातडीलगत असेल तर घरी पाठवताना मी मुलीचं किंवा सुनेचं बोट तिच्यावर ठेवून धडधड दाखवते. रोज अंघोळीनंतर ती बघायची. ती लागेनाशी झाली किंवा पाऊल गार पडलं, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री निघायचं.