मशीन का थांबलं? आधी कागदावर लिहा, मग सॉफ्टवेअर घ्या

भोसरीतल्या आमच्या छोट्या वर्कशॉपमध्ये तीन सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणारी मशीनं, आहेत. काही वर्षांपूर्वी हौसेने डॅशबोर्डवालं सॉफ्टवेअर घेतलं. भिंतीवर टीव्ही लागला, त्यावर हिरवे-लाल चौकोन. चौकोन लाल झाला की मशीन थांबलंय एवढं कळायचं. ते तर आवाज बंद झाला की तसंही कळतं. का थांबलं, हे काही टीव्ही सांगेना. शेवटी वर्गणी बंद केली आणि उलट्या टोकापासून सुरुवात केली. तीच पद्धत सांगतो.

१. एकच मशीन निवडा. ज्याच्यापुढे जॉबचा, म्हणजे करायच्या सुट्या भागांचा, ढीग साचतो, तेच.

२. त्याच्या शेजारी पॅडवर कागद लावा. तीन रकाने पुरेत: कधी थांबलं, कधी सुरू झालं, का थांबलं. कारणांची यादी ऑफिसात बसून करू नका. पहिला आठवडा ऑपरेटरला त्याच्या शब्दांत लिहू द्या. आमच्याकडे आलं ते असं: ‘इन्सर्ट बदलला’ (म्हणजे कापणारं पातं), ‘मटेरियल नाही’, ‘गेज दुसऱ्या मशीनवर’, ‘लाइट गेली’. त्यातूनच सात-आठ ठरावीक कारणं काढा. ‘इतर’ ठेवा, पण तोच रकाना फुगायला लागला तर यादी चुकली समजा.

इथे एक गोष्ट सांभाळा. पहिल्याच दिवशी एका ऑपरेटरने विचारलं, “साहेब, हे आमच्या पगारातून कापणार का?” नाही म्हणून सांगितलं आणि तो शब्द पाळला. पाळला नसता, तर रोज चार वेळा ‘लाइट गेली’ असंच वाचायला मिळालं असतं.

३. दिवसाअखेरी नोंदी गुगल शीट्समध्ये किंवा एक्सेलमध्ये चढवा. एका थांब्याला एक ओळ, तारीख नेहमी एकाच पद्धतीने, सेल मर्ज करायचे नाहीत. महिन्याने पिव्होट टेबल करा: ओळींत कारणं, समोर मिनिटांची बेरीज आणि किती वेळा थांबलं तो आकडा. मोठ्याकडून लहानाकडे लावा. याच्याच स्तंभालेखाला कारखान्यात पॅरेटो म्हणतात.

आमचा समज होता की ब्रेकडाउन वेळ खातात. निघालं भलतंच: तीन मशीनमध्ये प्लग गेज (भोकाचं माप तपासायचं साधन) एकच, आणि ते मोकळं होईपर्यंत ऑपरेटर हात बांधून उभा. एकेक थांबा पाच-सात मिनिटांचा, म्हणून कुणाच्या डोळ्यावर आला नव्हता. आम्ही दुसरं गेज घेतलं.

४. आता ओईई काढा, म्हणजे मशीनच्या वेळेतला किती टक्के वेळ खरोखर चांगले जॉब काढण्यात गेला ते. जपानच्या सेइची नाकाजिमांनी टीपीएम या मशीन-देखभालीच्या पद्धतीबरोबर रूढ केलेलं हे माप. समजा शिफ्ट ४८० मिनिटांची, जेवणाची ३० वजा, उरली ४५०. त्यातली ९० थांब्यात गेली, म्हणजे उपलब्धता ८० टक्के. सायकल टाइम, म्हणजे एका जॉबला लागणारा वेळ, ३ मिनिटं असेल तर उरलेल्या ३६० मिनिटांत १२० जॉब व्हायला हवेत; झाले १०२, म्हणजे वेग ८५ टक्के. त्यातले ९९ चांगले, म्हणजे गुणवत्ता ९७ टक्के. तिन्हींचा गुणाकार ६६ टक्के. ताळा सोपा आहे: ९९ गुणिले ३, भागिले ४५०. ओईईसाठी ८५ टक्के हा जगभर सांगितला जाणारा उत्तम आकडा. पण छोट्या जॉबवर्कवाल्याला दिवसात तीनदा सेटिंग बदलावं लागतं, त्याने त्याच्या मागे धावू नये. स्वतःच्याच मागच्या महिन्याशी तुलना करावी.

५. सेन्सरचा खर्च आता करा. मशीनच्या केबलवर बसणारा करंट सेन्सर मशीन कापतंय की नुसतं चालू आहे, हे सांगतो. तो इलेक्ट्रिशियनकडूनच, सप्लाय बंद करून बसवून घ्या. किती जॉब झाले ते बहुतेक सीएनसी कंट्रोलर स्वतःच मोजतो. वेळा सेन्सरकडून घ्या, कारण मात्र माणसाकडूनच.

६. आमच्या पट्ट्यात गुरुवारी सुट्टी, म्हणून शुक्रवारी सकाळी मशीनपाशीच उभ्याउभ्या पंधरा मिनिटांची बैठक होते आमची. सर्वांत वरचं एकच कारण घ्यायचं, कोण काय करणार ते त्याच कागदावर लिहायचं.

आणि हो, पेन पॅडला दोरीने बांधा. आमची पहिल्या आठवड्यात चार गेली.