हायब्रिड ऑफिसचं काम मिळालंय? मग आधी फॉल्स सीलिंगच्या वर बघा

इंटिरियरचं शिक्षण संपवून ऑफिस फिटआउटमध्ये, म्हणजे रिकाम्या जागेचं आतून ऑफिस करण्याच्या कामात, नव्याने शिरणाऱ्यांसाठी लिहितेय. लेआउट, सर्क्युलेशन, फायर एक्झिट तुम्हाला येतंच, ते सोडून देते.

हायब्रिड टीमचं ब्रीफ आलं की क्लायंट म्हणतो, २०० माणसं आहेत, रोज सरासरी १२० येतात, तेवढे डेस्क द्या. देऊ नका. सोमवारी आणि शुक्रवारी निम्मा फ्लोअर रिकामा असतो आणि मंगळवार ते गुरुवार बसायला जागा नसते. अ‍ॅक्सेस कार्डचा वारानुसार डेटा मागा, अ‍ॅडमिनवाले देतात, दोनदा मागे लागावं लागतं इतकंच.

पण खरा घात होतो मीटिंग रूममध्ये. हायब्रिड म्हणजे अर्धी टीम स्क्रीनवर, प्रत्येक खोलीत दिवसभर कॉल, आणि कॉलवर माणूस मोठ्यानेच बोलतो. हिंजवडीच्या एका साइटवर जाड काच, कार्पेट, भिंतीला अकूस्टिक पॅनेल सगळं दिलं होतं आणि हँडओव्हर झाल्या झाल्या एचआरच्या खोलीतलं पगाराचं बोलणं शेजारी शब्दन् शब्द ऐकू यायला लागलं. का, तर पार्टिशन फॉल्स सीलिंगपाशी थांबलेलं. वरची पोकळी सगळ्या खोल्यांना एकच, आवाज टाइलमधून वर जातो आणि पलीकडे उतरतो. पॅनेलने खोलीतला घुमणारा आवाज कमी होतो, बाहेर जाणारा थांबत नाही. पुन्हा सांगते, पॅनेलने बाहेर जाणारा आवाज थांबत नाही, सेल्समन काहीही सांगू दे.

म्हणून पार्टिशन थेट वरच्या स्लॅबपर्यंत न्यायचं, स्टडच्या, म्हणजे आतल्या उभ्या पट्ट्यांच्या, मधे रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी लोकर), दोन्ही बाजूंना जिप्समचे दोन-दोन थर. इथे बरेच जण सुटलो म्हणतात आणि तिथेच अडकतात, कारण पुष्कळ ऑफिसांत एसीची रिटर्न हवा त्याच पोकळीतून जाते. तुम्ही ती बंद केली की एसीवाला येऊन नव्या पार्टिशनला सरळ हातभर भोक पाडतो, आणि त्याचंही चूक नाही, हवा तर परत जायलाच हवी. त्याला आधीच आतून लाइनिंग असलेला, वळण घेतलेला डक्ट काढून द्या, हवा वळून जाते, आवाज लाइनिंगमध्ये मुरतो. केबल ट्रे आणि स्प्रिंकलरच्या पाइपाभोवतीच्या फटी सीलंटने भरणं बीओक्यूत, म्हणजे कामांच्या आणि मापांच्या यादीत, वेगळी आयटम म्हणून लिहा, नाहीतर कुणीही भरणार नाही. हे सगळं प्लॅनमध्ये दिसतच नाही, सेक्शन, म्हणजे उभा छेद, काढा.

घाबरू नका, एकदा समजलं की सोपं आहे, याला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. माझं स्पष्ट मत, पहिली दोन वर्षं थ्रीडी व्ह्यूज काढण्यात घालवू नका. चकचकीत पोर्टफोलिओवाल्या सरांपेक्षा साइट सुपरवायझरच्या मागे फिरा, वर शिडीवर चढून काय बघायचं हे तोच दाखवतो. कॅमेऱ्यासमोरच्या माणसाच्या पाठीमागे खिडकी नको, चेहरा काळा दिसतो, आणि फोन बूथला पंखा हवाच, एवढं मात्र लक्षात ठेवा.

सीलिंगच्या टाइल बसायच्या आदल्या संध्याकाळी साइटवर जा. दिवे बंद करा, एकाला शिडीवर चढवून खोलीच्या वरच्या पोकळीत मोठा टॉर्च फिरवायला सांगा आणि तुम्ही शेजारच्या खोलीतून वर बघा. जिथून उजेड येतो तिथून आवाज येणार, तिथे खडूने खूण करा आणि फट भरून होईपर्यंत टाइल लावू देऊ नका.