पावसाळाभर उभी गाडी, ब्रेक चिकटलेले

दांडिया बाजारात काकांची गाडी अख्खा पावसाळा उभीच होती, काका पुण्याला मुलीकडे. दसऱ्याला चावी फिरवली तर नुसतं टक् टक्. बॅटरीला मल्टीमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावला, ११.८ व्होल्ट, म्हणजे जवळपास रिकामी (भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते). जंप केबलने (दुसऱ्या बॅटरीला जोडायची वायर) इंजिन लागलं पण गाडी हलेना, मागचे ब्रेक शू (ब्रेकच्या आतल्या पट्ट्या) गंजून ड्रमला (चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्याला) चिकटलेले! हँडब्रेक खाली करून (म्हणजे सोडून), चाक काढून ड्रमवर हळूहळू ठोकलं, चाक परत लावून थोडं पुढे थोडं रिव्हर्स केल्यावर कट्कन सुटलं. बॅटरी रात्रभर चार्जरवर ठेवली, पाच मिनिटं जागेवर इंजिन चालवून काही भरत नाही हो. आता परत उभी ठेवलेली गाडी गिअरमध्ये, चाकांना विटा, हँडब्रेक खाली म्हणजे शू परत चिकटायला नकोत, बॅटरी उतरू नये म्हणून तिची निगेटिव्ह वायर काढलेली. काकू म्हणतात विटा कोणी नेईल, नेऊ दे.