सुईच्या छिद्रातून सूर्यमाला मोजायची रीत

भिंतीवरच्या चित्रांत सूर्य आणि ग्रह दाटीवाटीने बसवलेले असतात. अंतरं खरी दाखवायची तर कागद पुरत नाही, हे खरंच. पण त्या चित्रातून मनात रुजलेली सूर्यमाला पुसायला फार कष्ट पडतात. म्हणून मुलांना ग्रहांची नावं सांगण्याआधी मी त्यांना सूर्य मोजायला लावते.

छिद्रातून सूर्याकडे कधीच पाहायचं नाही. पाठ सूर्याकडे, डोळे कागदावर. हे जमणार नसेल तर पुढचं काहीच करू नका.

ऊन तिरपं होऊन खोलीत येतं त्या वेळी खिडकी पुठ्ठ्याने झाका. पुठ्ठ्यात लहानसा चौकोन कापून त्यावर अ‍ॅल्युमिनियमची फॉइल ताणून चिकटवा आणि सुईने १ मिलिमीटरचं भोक पाडा. थेट पुठ्ठ्याला भोक पाडलं की कडा फिसकटतात. आता भोकापासून बरोबर ३ मीटरवर पांढरा कागद धरा. त्यावर उजेडाचं जे वर्तुळ पडतं ते भोकाचं नाही, सूर्याचं चित्र आहे. शंका असेल तर भोक चौकोनी करून बघा, चित्र गोलच राहील.

मोजायला उशीर करू नका. पृथ्वी फिरते आहे, त्यामुळे वर्तुळ मिनिटाला सुमारे १३ मिलिमीटर सरकतं. मला हा भाग फार आवडतो, पृथ्वीचं फिरणं इतकं उघड क्वचितच दिसतं. कागद तिरपा झाला तर वर्तुळ लांबट होतं. अशा वेळी अरुंद बाजू मोजा. व्यास २९ मिलिमीटरच्या आसपास भरेल. भोकाच्या रुंदीचा १ मिलिमीटर वजा केला की उरले २८.

३००० भागिले २८, म्हणजे सुमारे १०७. सूर्य आपल्यापासून त्याच्या व्यासाच्या इतके पट दूर आहे. सरासरी अंतर १४.९६ कोटी किलोमीटर; त्याला १०७ने भागलं की सूर्याचा व्यास जवळजवळ १४ लाख किलोमीटर येतो. पुस्तकातला आकडा आहे सुमारे १३ लाख ९२ हजार. सुई आणि पट्टीवर इतकं जवळ पोचता येतं!

पण खरी गंमत पुढे आहे. कागदावरचा सूर्य २८ मिलिमीटरचा धरला, तर भोकापर्यंतचे ३ मीटर हेच त्या मापातलं पृथ्वीचं अंतर. म्हणजे भोकाच्या जागी पृथ्वी, आणि तीही केवळ पाव मिलिमीटरची. चंद्र तिच्यापासून पाऊण सेंटिमीटरवर. गुरू जेमतेम ३ मिलिमीटरचा, सूर्यापासून साडेपंधरा मीटर लांब. त्यासाठी खोलीबाहेर जावं लागतं. नेपच्यून ९० मीटरवर. ही अंतरं मुलांना पावलांनी चालू द्या, नुसती सांगू नका. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्सिमा सेंटॉरी, याच मापात सुमारे ८०० किलोमीटरवर येतो.

लांब खोली किंवा व्हरांडा मिळाला तर अंतर ६ मीटर करा आणि जानेवारीच्या सुरुवातीला व जुलैच्या सुरुवातीला, त्याच भोकाने, पुन्हा मोजा. जानेवारीतलं वर्तुळ जवळजवळ २ मिलिमीटरने मोठं भरेल, कारण तेव्हा पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते. उत्तर गोलार्धात तेव्हा थंडी असते. ऋतू अंतरामुळे होत नाहीत, २३.४ अंशांनी कललेल्या आसामुळे होतात, हे मुलांना त्या दोन वर्तुळांवरूनच पटवा.