एजंटशी सही करताय? आधी या चुका टाळा

पोरगा एखाद्या आयएसएल (इंडियन सुपर लीग) फुटबॉल क्लबच्या युवा संघात पोहोचला की घरी फोन यायला लागतात. कोल्हापुरात तर तेवढीही वाट बघावी लागत नाही. शाहू स्टेडियमवर पेठेच्या संघाकडून दोन सामने गाजवले की कुणाच्या तरी ओळखीतून ‘एजंट’ दारात हजर. सगळेच लुच्चे असतात असं नाही. क्लबच्या वकिलासमोर अठरा वर्षांचं पोर एकटं बसण्यापेक्षा जाणकार माणूस शेजारी असलेला केव्हाही बरा. पण आईवडील विचारतात, ‘क्लब किती देणार?’ त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: एजंटला पैसे कोण देणार?

चूक पहिली: कमिशन कुणाच्या खिशातून, हे न विचारणं

‘तुमच्याकडून एक रुपया नको, क्लब बघून घेईल,’ हे वाक्य ऐकून घरचे खूश होतात. खरं तर इथेच कान टवकारायला हवेत. घर घेताना दोन्हीकडून दलाली घेणारा माणूस भाव पाडायला किती जोर लावेल, हे आपल्याला बरोबर कळतं. फुटबॉलमध्ये मात्र आपण ते विसरतो.

२०१६ मध्ये पॉल पोग्बा युव्हेंटसकडून मँचेस्टर युनायटेडकडे गेला, १०५ दशलक्ष युरोंना. तोवरचा जागतिक विक्रम. त्याचा एजंट मिनो रायोला. ‘फुटबॉल लीक्स’मधून बाहेर आलेल्या कागदांनुसार या एका व्यवहारात रायोलाच्या वाट्याला सुमारे ४९ दशलक्ष युरो यायचे होते आणि ते विकणारा क्लब, घेणारा क्लब आणि खेळाडू अशा तिन्ही बाजूंनी. त्यात खेळाडूने द्यायची रक्कम सगळ्यात लहान. पोग्बाचं यात नुकसान झालं असं कुणी म्हणणार नाही. पण तिन्ही टोकांना एकच माणूस असेल तर ‘थांबूया, आत्ता जायला नको’ हा सल्ला देणारं त्या खोलीत कोण उरतं?

फिफाने, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेने, २०२३ मध्ये एजंटांसाठी नवे नियम आणले. खेळाडूच्या वतीने काम करणाऱ्या एजंटला वर्षाला २ लाख डॉलरपर्यंतच्या कमाईवर ५ टक्के, त्यावरच्या रकमेवर ३ टक्के, अशी कमाल मर्यादा त्यात होती. विकणाऱ्या क्लबचं आणि खेळाडूचं काम एकाच माणसाने करायला बंदी होती. एजंट कोर्टात गेले. युरोपातल्या निकालांनंतर ३० डिसेंबर २०२३ रोजी फिफाने मर्यादा आणि दुहेरी प्रतिनिधित्वाची कलमं जगभर स्थगित केली. म्हणून नियमाच्या भरवशावर राहू नका, टक्केवारी करारातच लिहून घ्या. वर्षाला २० लाखांचा करार असेल तर ५ टक्क्यांनी १ लाख जातात, १० टक्क्यांनी २ लाख. तीन वर्षांच्या करारात हा फरक ३ लाखांचा होतो. क्लबकडूनही काही घेणार असेल तर किती, तेही त्याच कागदावर हवं.

चूक दुसरी: वकिलाला न दाखवता सही

वेन रूनीचं उदाहरण प्रत्येक पालकाने ऐकावं. २००२ च्या ऑक्टोबरमध्ये १६ वर्षांच्या रूनीने एव्हर्टनकडून आर्सेनलविरुद्ध शेवटच्या मिनिटाला गोल मारला आणि इंग्लंडभर त्याचं नाव झालं. काही महिन्यांतच, १७ व्या वर्षी, जाहिराती आणि प्रतिमा-हक्कांचा (त्याचं नाव, फोटो वापरण्याच्या हक्कांचा) करार झाला. मुदत आठ वर्षं, कमिशन २० टक्के. घरच्यांना कायद्याचा गंध नव्हता आणि स्वतंत्र वकील कुणी गाठला नाही. पुढे वाद कोर्टात गेला. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने आणि २०११ मध्ये अपील कोर्टाने हा करार म्हणजे व्यवसायावर घातलेलं अवाजवी बंधन ठरवला. रूनीकडे वर्षानुवर्षं कोर्टात लढण्याइतका पैसा होता. तुमच्या-आमच्याकडे तो नसतो.

मेख कुठे होती बघा. खेळाडूच्या प्रतिनिधित्वाचा करार दोन वर्षांपुरताच, हा नियम इंग्लंडमध्ये तेव्हाही होता. हा करार मैदानाबाहेरच्या कमाईचा असल्याने त्या चौकटीबाहेर राहिला. म्हणून ‘हा मुख्य करार, आणि हा एक छोटा कागद सोबत’ असं कुणी म्हणालं तर छोटा कागद आधी वाचा. बूट, जाहिरात, सोशल मीडिया हे शब्द त्यातच सापडतात.

फिफाच्या नियमांत आता एक चांगली गोष्ट आहे: सहीआधी ‘स्वतंत्र कायदेशीर सल्ला घ्या’ असं एजंटने लेखी कळवायला हवं. घेतला किंवा नको म्हटलं, याची खेळाडूकडून लेखी नोंदही घ्यावी लागते. हा कागद समोर आला तर मुकाट्याने ‘नको’वर टिक करू नका.

चूक तिसरी: ओळखीवर विश्वास, परवान्यावर नाही

फिफाच्या संकेतस्थळावर परवानाधारक एजंटांची यादी आहे. नाव टाका, बघा. मामा, मोठा भाऊ, शाळेचे सर, कुणीही असो, क्लबशी बोलणी करायची तर परवाना लागतो. नातेवाइकांना सूट नाही. मुलगा १८ च्या आतला असेल तर त्याच्याशी बोलण्याआधी पालकांची लेखी संमती हवी. आपल्याकडे अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालच्या, मुलाला स्वतः करार करताच येत नाही, त्यामुळे मैदानावर गाठून परस्पर घेतलेल्या सहीला बिचकू नका.

चूक चौथी: पंधराव्या वर्षी युरोप

‘पोर्तुगालच्या क्लबात ट्रायल, निवड पक्की, फक्त प्रवास आणि नोंदणीचे पैसे भरा.’ गोव्यात आणि मुंबईत हे आमिष नवं नाही. फिफाच्या खेळाडू-बदलीच्या नियमांतल्या १९ व्या कलमानुसार १८ वर्षांखालच्या खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात बदली होत नाही. मोजके अपवाद आहेत, उदाहरणार्थ आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने तिकडे राहायला गेले तर. हा नियम मोडल्याबद्दल २०१४ मध्ये खुद्द बार्सिलोनावर खेळाडू घेण्याची बंदी आली होती. तेव्हा भारतात राहणाऱ्या पंधरा वर्षांच्या पोराला तिथला करार मिळवून देतो म्हणणारा बहुधा तुम्हाला फक्त सहल विकतोय. गोव्यातल्या घरांसाठी आणखी एक गोष्ट: पोर्तुगीज पासपोर्ट घेतला की भारताच्या जर्सीचं दार बंद होतं. एजंट हे क्वचितच आधी सांगतो.

क्लबही फसतात

करार शेवटच्या वर्षात गेला की दोरी एजंटच्या हातात जाते. युरोपीय न्यायालयाच्या १९९५ च्या बॉसमन निकालापासून हे असंच आहे: मुदत संपली की खेळाडू फुकट जातो आणि वाचलेल्या ट्रान्सफर फीमधून साइनिंग बोनस आणि कमिशन फुगतं. एसी मिलानने जानलुइजी दोनारुम्माला १६ व्या वर्षी गोलमध्ये उभं केलं. २०१७ मध्ये त्याने नवा करार नाकारल्यावर चाहत्यांनी त्याच्यावर खोट्या नोटा फेकल्या, मग करार झाला. २०२१ मध्ये मात्र तो पीएसजीकडे गेला, मिलानच्या हाती शून्य. एजंट, पुन्हा रायोलाच. पोग्बाला तर मँचेस्टर युनायटेडने २०१२ आणि २०२२, दोनदा फुकट गमावलं. दोन वर्षं शिल्लक असतानाच नवा करार किंवा विक्री, हा निर्णय क्लबने घ्यायला हवा.

एकाच एजंटच्या आधाराने संघ बांधणं मला पटत नाही, पण ते नेहमी बुडवतंच असंही नाही. पोर्तुगीज एजंट जॉर्ज मेंडेसच्या सल्ल्याने इंग्लंडच्या वुल्व्ह्ज क्लबने दुसऱ्या श्रेणीत खेळत असतानाच रुबेन नेवेसला आणलं आणि २०१८ मध्ये प्रीमियर लीग गाठली.

सही होऊन गेली असेल तर

आधी कराराची प्रत मागा. पुष्कळांकडे तीच नसते. फिफाच्या नियमांत खेळाडूशी करार जास्तीत जास्त दोन वर्षांचा. ‘आपोआप नूतनीकरण’ असं कलम असेल तर ते रद्दबातल. ‘स्वतः क्लबशी बोललात तर दंड’ हे कलमही तसंच रद्दबातल. अडलात तर खेळाडूंची संघटना एफपीएआय आहे.

पगार थांबला की खरी परीक्षा. २०२५ मध्ये आयएसएलचा हंगाम लांबला तेव्हा काही क्लबांनी पगार रोखले होते. अशा वेळी ‘जरा थांब, मी बोलतो’ म्हणणाऱ्या एजंटचे आणखी किती खेळाडू त्याच क्लबात आहेत, ते बघा. क्लबशी वाकडं घ्यायला तो का कचरतोय, ते लगेच कळेल. फिफाच्या नियमांत दोन महिन्यांचा पगार थकला तर क्लबला लेखी कळवून किमान १५ दिवसांची मुदत द्यायची, आणि तरीही पैसे आले नाहीत तर करार मोडता येतो. आपल्या करारात याबद्दल काय लिहिलंय तेही वाचा. पत्र तुमच्याच नावाने, थकलेल्या महिन्यांसह, ईमेलने जाऊ द्या. एजंटच्या व्हॉट्सॲप व्हॉइस नोटवरून १५ दिवस मोजायला सुरुवात होत नाही.