फार्मासिस्ट एक, काउंटरवर पोरं चार: मेडिकलवाल्यांनो, या चुका टाळा

‘एका फार्मासिस्टच्या हाताखाली किती मुलं ठेवता येतात?’ नवं मेडिकल टाकणारा हे हमखास विचारतो. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत याचं उत्तर आकड्यात मिळतं, अमुक इतकेच टेक्निशियन, म्हणजे फार्मासिस्टचे मदतनीस. आपल्याकडे तसा आकडा नाही. औषधे नियम, १९४५ (पूर्वीचं नाव औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम) मधला नियम ६५ एवढंच सांगतो की चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने स्वतः द्यावं किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली दिलं जावं. आकडा नाही म्हटल्यावर मोकळं रान वाटतं, आणि घोळ तिथेच सुरू होतो.

फार्मासिस्टचं सर्टिफिकेट भाड्याने घेऊन भिंतीवर टांगायचं, तो माणूस मात्र दुसऱ्याच गावात, हा प्रकार सगळ्यांना ठाऊक आहे. महेश झगडे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे (एफडीएचे) आयुक्त असताना यावर राज्यभर बडगा उगारला गेला, तेव्हा केमिस्ट संघटनांनी केवढा गदारोळ केला होता! त्यावर वेगळं काय सांगायचं? करू नका.

खरी गोची प्रामाणिक दुकानदाराची होते. दुकान सकाळी नऊ ते रात्री अकरा, फार्मासिस्ट दहा ते सहा. चिठ्ठ्यांची झुंबड उडते ती संध्याकाळचे दवाखाने सुरू झाल्यावर, म्हणजे तो घरी गेल्यावर. बिलाचं सॉफ्टवेअर मात्र रात्री साडेनऊच्या बिलावरही त्याचंच नाव छापत राहतं. औषध निरीक्षकाला दुसरा पुरावा लागतच नाही. उपाय दोनच: संध्याकाळसाठी दुसरा फार्मासिस्ट नेमा, नाहीतर चिठ्ठीची औषधं पहिल्याच्या वेळेतच द्या. फार्मासिस्ट बदलला, तर एक महिन्याच्या आत परवाना अधिकाऱ्याला लेखी कळवा. जुना सोडून गेला आणि लायसन्सवर नाव त्याचंच, असं कित्येक दुकानांत सापडतं.

मग मुलांनी करायचं काय? रॅकमधून माल काढणं, मुदत संपत आलेल्या स्ट्रिप बाजूला करणं, बिल करणं ही कामं खुशाल द्या. एका गिऱ्हाइकाचा माल एका ट्रेमध्ये, वर त्याची चिठ्ठी, आणि ट्रे आधी फार्मासिस्टपुढे. नाव, ताकद, डोस त्याने पाहिल्यावरच औषध गिऱ्हाइकाच्या हातात. ट्रे त्याच्यापुढे तुंबायला लागले, तर पोरं जास्त झालीत किंवा फार्मासिस्ट कमी पडतोय. माझ्या मते आकडा ठरवायची याहून सोपी रीत नाही.

ट्रे चुकवून औषध गेलं की सगळ्यात जास्त काय होतं, तर ‘तेच आहे हो, फक्त कंपनी वेगळी.’ पोरगं चांगल्या मनाने बोलतं, पण शेड्यूल एच, एच१ किंवा एक्स (चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या सरकारी याद्या) यांतल्या औषधांच्या चिठ्ठीवर घटक तोच असला तरी परस्पर दुसरा ब्रँड देता येत नाही. डॉक्टरांना फोन लावा.

एच१चं रजिस्टर हे दुसरं दुखणं. सेफिक्झिम, ट्रामाडॉल, अल्प्राझोलम अशी औषधं १ मार्च २०१४ पासून वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंदवावी लागतात: डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि नग. रजिस्टर तीन वर्षं जपायचं. महिनाअखेरीला एकाच पेनाने, एकाच अक्षरात भरलेलं रजिस्टर लांबूनही ओळखू येतं. चिठ्ठीवर दुकानाचा शिक्का आणि तारीख टाकायचं तर गर्दीत सर्रास राहून जातं, म्हणून शिक्का फार्मासिस्टच्याच हाताशी ठेवा.

फार्मासिस्ट अचानक आजारी पडला तर? ‘जेवायला गेलाय, येईलच’ ही थाप निरीक्षकांनी हजारदा ऐकलेली असते. त्या दिवशी चिठ्ठीची विक्री बंद ठेवा, तशी पाटी लावा, त्याचा रजेचा अर्ज फाइलला ठेवा. कारणे दाखवा नोटीस आलीच, तर मुदतीत आणि खरं उत्तर द्या. लायसन्स निलंबित झालं, तर आदेशाच्या तारखेपासून तीन महिन्यांत राज्य सरकारकडे अपील करता येतं.