सॅलडच्या तळाशी पाणी साचतंय? रोजच्या या चुका टाळा

काकडी-टोमॅटो चिरले, मीठ-लिंबू घातलं, ढवळून बाजूला ठेवलं. वीस मिनिटांनी बघावं तर वाडग्याच्या तळाशी गुलाबीसर पाणी, वरचे तुकडे अळणी आणि तळातले खारट. काकडी आणि लेट्यूसमध्ये सुमारे 95 टक्के पाणीच असतं, टोमॅटोतही जवळपास तेवढंच. मीठ लागलं की पेशींमधलं हे पाणी बाहेर ओढलं जातं. सॅलडच्या बहुतेक तक्रारी पाण्यापाशीच येऊन थांबतात. ते कधी सुटलं आणि कुठे गेलं, एवढं शोधलं की चूक सापडते.

मीठ अधल्यामधल्या वेळी घालणं

मीठ घालायच्या वेळा दोनच. एक तर आधी घालून सुटलेलं पाणी मुद्दाम काढून टाकायचं, नाहीतर अगदी वाढताना घालायचं. पंधरा-वीस मिनिटं आधी घालून पाणी तसंच वाडग्यात राहू दिलं की सॅलड बिघडलंच म्हणून समजा.

काकडी आधी चाखून बघा, विशेषतः देठाकडचं टोक. कडवटपणा बहुधा तिथे आणि सालीलगत असतो. तेवढा भाग काढून उरलेली काकडी गोड लागली तर ठीक, आतपर्यंत कडू असेल तर सरळ टाकून द्या. दोन मध्यम काकड्या, म्हणजे साधारण 400 ग्रॅम, उभ्या चिरा. बिया जून असतील तर चमच्याने खरवडून काढा. मग अर्धा सेंटिमीटर जाडीच्या फोडी करून अर्धा छोटा चमचा मीठ चोळा आणि चाळणीत 15 ते 20 मिनिटं ठेवा. खालच्या ताटलीत जमलेलं पाणी बघितलं की एरवी हे सगळं कुठे जात होतं ते कळतं. तळव्याने हलकं दाबून निथळा, धुऊ नका, आणि ड्रेसिंगमध्ये, म्हणजे सॅलडवर घालायच्या तेल-लिंबाच्या मिश्रणात, मीठ कमी घाला.

कोबीला थोडी जास्त मेहनत लागते. अर्धा किलो बारीक चिरलेल्या कोबीला एक छोटा चमचा मीठ लावून हाताने मिनिट-दोन मिनिटं चांगला चुरा. चुरताना पानांचा करकरीतपणा जाऊन ती हाताला लवचीक लागायला लागतात, तिथे थांबा. अर्ध्या तासाने मूठ-मूठ घेऊन घट्ट पिळा. असा कोबी नंतर दोन तास ठेवला तरी फारसं पाणी सोडत नाही. खारट झाला असेल तर एकदा पाण्यातून काढून परत पिळा.

टोमॅटोचं गणित मात्र वेगळं. पाणी नको म्हणून बियांभोवतीचा बुळबुळीत गर काढून टाकतात, आणि टोमॅटोची खरी चव तर त्याच गरात सर्वांत जास्त असते. फोडींना चिमूट-दोन चिमूट मीठ लावून गाळणीत 15 मिनिटं ठेवा आणि खाली जमलेला रस ड्रेसिंगसाठी वापरा. दोन मोठे चमचे रस, एक मोठा चमचा लिंबाचा रस आणि दोन मोठे चमचे तेल एवढ्यात चौघांपुरतं सॅलड माखतं. पिकलेले टोमॅटो थेट फ्रिजमधून काढून चिरू नका. थंडीने त्यांचा वास आणि चव दबते, अर्धा तास तरी बाहेर राहू द्या.

ओल्या पानांवर ड्रेसिंग ओतणं

पान ओलं असेल तर तेल त्याला धरत नाही, घसरून खाली जातं. मग चव लागत नाही म्हणून आणखी ड्रेसिंग ओतली जाते आणि तळाचं तळं वाढतं.

पानं धुताना चाळणीवर नळ सोडण्यापेक्षा मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घ्या, पानं हलवा आणि मिनिटभराने हाताने वर उचलून घ्या. पातेलं चाळणीत उपडं करू नका, तळाला बसलेली माती पुन्हा पानांवरच येते. तळाशी कण दिसेनासे होईपर्यंत पाणी बदला. वाळवायचं फिरकीचं भांडं असेल तर ते अर्धंच भरा, मध्ये एकदा थांबून पाणी ओता आणि परत फिरवा. नसेल तर स्वच्छ सुती कापडात पानांचं सैल गाठोडं बांधा, चारही टोकं घट्ट धरा आणि जोरात झटके द्या. हे बाल्कनीत किंवा न्हाणीघरात केलेलं बरं, भिंती ओल्या होतात. शेवटी एक पान कोरड्या कागदी रुमालावर दाबून बघा. कागद भिजला तर अजून पाणी आहे.

मलूल पडलेली पानं बर्फाच्या पाण्यात 15 ते 30 मिनिटं बुडवली की पेशी पाणी शोषून पुन्हा ताठ होतात. चिकट किंवा काळपट झालेल्या पानांवर हा उपाय चालत नाही, ती वेगळी काढा. धुऊन पूर्ण कोरडी केलेली पानं डब्यात तळाला आणि वर कोरडं कापड ठेवून फ्रिजमध्ये चार-पाच दिवस छान राहतात. रोज सॅलड व्हावं असं वाटत असेल तर आठवड्यातून दोनदा एवढं काम उरकून ठेवणं सगळ्यांत उपयोगी.

अंदाजपंचे ड्रेसिंग

तीन भाग तेल आणि एक भाग व्हिनेगर हे सुरुवातीचं प्रमाण. लिंबू वापरत असाल तर दोनास एक घेऊन बघा. क्रम महत्त्वाचा आहे: मीठ तेलात विरघळत नाही, म्हणून आधी लिंबाचा रस किंवा व्हिनेगर आणि मीठ एकत्र ढवळायचं आणि तेल शेवटी. उलट केलं की घासात मिठाचे खडे येतात. अर्धा छोटा चमचा मोहरीची पेस्ट घालून झाकणाच्या बाटलीत जोरात हलवलं तर तेल-आंबट लवकर वेगळं होत नाही.

लसूण घालायची असेल तर ठेचून पाच-दहा मिनिटं लिंबाच्या रसात राहू द्या, उग्रपणा कमी होतो. कच्ची लसूण घातलेलं तेल मात्र बाहेर ठेवू नका. तेलाखाली हवा पोचत नाही आणि तिथे बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात. फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा.

100 ग्रॅम पानांना दोन मोठे चमचे, म्हणजे 30 मिली ड्रेसिंग पुष्कळ होते. वाडगा मात्र पानांच्या दुप्पट मोठा हवा आणि कालवायला हातासारखं साधन नाही. ड्रेसिंगची चव चमच्याने न घेता तिच्यात एक पान बुडवून घ्या, नुसती ड्रेसिंग नेहमी जास्त आंबट-खारट लागते. पानांवर ती वाढायच्या दोन मिनिटं आधीच घाला. पानं मऊ पडण्याचा दोष सहसा लिंबाला देतात, पण पानांवरचा मेणचट थर भेदून आत शिरण्यात तेल जास्त तरबेज असतं.

तेल अजिबात न घालणं हीसुद्धा चूकच. गाजर आणि हिरव्या पानांमधली कॅरोटिनॉइड्स ही पोषक रंगद्रव्यं अंगी लागायला थोडा स्निग्धांश लागतो.

कांदा सगळ्यावर कुरघोडी करतो

कांदा जितका चेचला जाईल तितका उग्र होतो, कारण पेशी फुटल्यावरच ते तिखट रसायन तयार होतं. सुरी धारदार हवी आणि चिरायचं शेंड्यापासून मुळाकडे, उभं. चिरून दहा मिनिटं थंड पाण्यात ठेवा आणि निथळून पुसून घ्या. दुसरा मार्ग म्हणजे लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ लावून 15 मिनिटं मुरवणं. लाल कांदा असेल तर रंगही सुरेख गुलाबी येतो. तो रस फेकू नका, ड्रेसिंगमध्ये घ्या.

कडधान्यं आणि बटाटा थंड झाल्यावर कालवणं

शिजवलेले चणे गरम असतानाच मीठ आणि आंबट आत ओढून घेतात. थंड झाल्यावर ड्रेसिंग नुसती वर बसते. बटाट्याचंही तेच: फोडी मिठाच्या थंड पाण्यात टाकून शिजवा, निथळा, गरम असतानाच व्हिनेगर शिंपडा. मेयोनेझ मात्र पूर्ण गार झाल्यावर, नाहीतर ते फाटून तेल सुटतं.

राजम्याच्या बाबतीत घाई नको. तो रात्रभर भिजवा, पाणी फेका, ताज्या पाण्यात किमान दहा मिनिटं खळखळून उकळा आणि मग मऊ शिजवा. अर्धकच्च्या राजम्यातल्या विषारी घटकाने उलट्या होतात. मोड आलेली कडधान्यं ज्या उबदार ओलाव्यात वाढतात त्यात जंतूही वाढतात. लहान मुलं, गरोदर स्त्रिया आणि वयस्कर मंडळींसाठी ती नीट वाफवूनच घाला, निव्वळ धुणं पुरेसं नाही.

काही छोट्या कुरबुरी

दह्याचं सॅलड पातळ होत असेल तर दही कापडात अर्धा तास टांगा आणि मीठ वाढताना घाला. न शिजवलेलं अननस, किवी किंवा पपई दह्यात घालून ठेवली की थोड्या वेळाने दही कडू लागतं, या फळांमधली एन्झाइम्स दुधातली प्रथिनं तोडतात. तीही वाढतानाच मिसळा. बीट सगळं रंगवतं म्हणून त्याला वेगळ्या भांड्यात तेल चोळून शेवटी वर ठेवा. सफरचंदाच्या फोडींना चिरल्या चिरल्या लिंबू लावा. भाजलेले दाणे, बिया, पावाचे कुरकुरीत तुकडे सगळ्यांत शेवटी.

चव फिकी वाटली की हात आधी मिठाकडे जातो. त्याऐवजी आधी लिंबाचे चार थेंब टाकून बघा. फार आंबट झालं तर साखर किंवा मध पाव चमचा, फार खारट झालं तर बिनमिठाची काकडी किंवा पानं वाढवा.

डबा न्यायचा असेल तर उंच बरणी घ्या. तळाला ड्रेसिंग, त्यावर चणे आणि गाजर, मग काकडी, सगळ्यांत वर पानं. बरणी उभीच ठेवायची, शक्यतो थंड जागी, आणि खाताना ताटलीत उलटी करायची. ड्रेसिंग आपोआप वरून खाली झिरपते.